ठसका

मुंबई नाक्यावर पांढरी गाडी उलट्या बाजूनं आली.
हाडं शाबूत. डोक्याला नऊ टाके.
सिव्हिलमधून घरी आले, सूनबाईनं चहा दिला,
गरम पाणी होतं ते, गोड.
आलं नाही घातलंस? म्हटलं.
ती गप्प राहिली.
आलं कपाच्या तळाशी होतं.

एकवीस वर्षं पंचवटीत मसाला भाजते मी.
धणे कधी उतरवायचे हे घड्याळ सांगत नाही,
दगडफूल कढईत पडलं की मिनिटभरात स्वभाव बदलतं,
तेव्हा नाक म्हणायचं, बस.
आता हर्षलाला विचारते, झालं का गं?
मोबाइलमधून मान वर न करता ती म्हणते, बहुतेक.
दोघा मिसळवाल्यांनी माल बंद केला.
तिसरा भला माणूस, अजून नेतो,
पण पिशवी माझ्यासमोर उघडून हुंगतो.

गायधनी वकील म्हणाले, दावा लावू.
त्यांच्या कागदावर हात, पाय, डोळा, कान.
नाक त्यांनी समासात पेनानं लिहिलं.
बोर्डाच्या डॉक्टरांनी पुडी धरली, ओळखा.
मी म्हटलं, कागद.
आत कॉफी होती.
मग त्यांनी टक्के लिहिले,
भाजीच्या भावासारखे, थोडे कमीजास्त होतील असे.

तीन वर्षं तारखा.
सीबीएसजवळच्या कोर्टाचं ते बाक मला ओळखायला लागलं.

विमा कंपनीचे वकील तरुण, अगदी नम्र.
'तिडकेबाई, मिरची कांडताना शिंका येतात?'
येतात.
'डोळ्यांत पाणी?'
तेही येतं.
'म्हणजे नाक चालतं.'
साहेब, ठसका वेगळा, वास वेगळा.
झोंबलं एवढं कळतं,
लवंगी झोंबली की ब्याडगी, ते नाही कळत.
आंधळ्याच्याही डोळ्यात कचरा खुपतोच की.
टाइप करणारी मुलगी थांबली.
न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
आणि यंत्र पुन्हा सुरू झालं:
'हे म्हणणे खरे नाही की मला वास येतो.'
माझं बोलणं इतकं शुद्ध कधी निघालं नव्हतं.

पगाराची चिठ्ठी नाही, म्हणून उत्पन्न गृहीत धरलं.
वय अठ्ठेचाळीस, म्हणून गुणक तेरा.
तेरा ऐकून मला आधी तेरावाच आठवला.
कुणाचा, ते वकिलांना विचारलं नाही.

नातीच्या टाळूला तेल लावताना मी अजून वाकते.
हे निकालात नाही,
गायधनींनाही सांगितलं नव्हतं.
कोणत्या रकान्यात लिहिलं असतं त्यांनी?

अर्धी रक्कम मुदत ठेवीत. अर्धीतले थोडे
पोरगा काढून घेऊन आला, कोरं पुडकं.
सवयीनं नाकाशी नेलं त्यानं,
माझ्याकडे बघून पटकन खाली ठेवलं.
आण इकडे, म्हटलं,
नाशिकरोडला छापतात, आपल्याच गावचा वास.
मी हुंगलं.

कुरकुरीत होत्या.