उरेब

खडेबाजारात नदाफच्या दुकानी
त्यानं काचेवर तीन मांडली:
बारा, अठरा, पंचवीस.
निकेलच्या चोची. रुंद तोंडातून पट्टी आत,
अरुंद तोंडातून कडा दुमडून बाहेर.
"काय शिवूलालासा मालनताई, वाकळ का कौदी?"
ज्याच्या अंगावर पडेल तो ठरवेल, म्हटलं.
तू माप दाखव.

त्यानं दाखवलं गुलाबी साटिनवर.
सुळकन गेली.
नव्या साटिनवर कुणाचंही हत्यार चालतं, बाबा.
मी पिशवीतून माझी पट्टी काढली,
नीलव्वाच्या इरकली लुगड्याची,
तीस वर्षं दगडावर आपटलेली.

बारानं ती चावली.
पंचवीसच्या तोंडातून घरंगळली,
कवळी नसलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडून
भाकरीचा तुकडा पडावा तशी.
अठरा अडली, टाचणीनं ढोसल्यावर पुढं गेली,
पुन्हा अडली.
हीच दे, म्हटलं.
अडते पण ऐकते.

फिरती सुरीही दाखवली त्यानं, खाली हिरवी चटई अंथरून.
हातात धरली. खरं सांगते, मोह झाला.
किंमत ऐकून मनात ब्लाऊज मोजले,
अकरा, अस्तरासकट.
ठेवली परत.
घरी कात्री आहे, सोळा वर्षं कागदाला न लावलेली.
नवऱ्यानं एकदा दुधाची पिशवी कापली होती तिनं,
ते तो अजून विसरलेला नाही.

आणि मोठी पारदर्शक पट्टी नको,
पोराच्या कंपासपेटीतला गुण्या आहे.
त्याची भूमिती कधीच सुटली,
पंचेचाळीस अंश मात्र जिथल्या तिथं.
घासाघीस करून पैसे एकही कमी झाला नाही,
साटिनचा तुकडा आणि पिवळा खडू
त्यानं आपणहून पिशवीत टाकला.

शहापुरात आमची भिंत एक, दारं दोन.
बावीस वर्षं ती कानडीत विचारते,
मी मराठीत उत्तर देते,
भांडणाला मात्र दोघी हिंदी वापरतो.
दुपट्याचे कोपरे तिला गोल हवे होते,
गोकाकला नातीचं बाळ, टोक टोचायला नको.
मी बशी ठेवून खडू फिरवला.
सरळ कापलेली पट्टी गोलावर चुण्या घालते,
उभा धागा ताठ, आडवा जरा बरा,
इतकंच.
दोघांच्या मधून तिरकं कापलं
की कापड वळायला कबूल होतं.
"ओरे," ती म्हणाली, तळवा कलता करून.
उरेब, मी म्हटलं.
तेच, दोघी म्हणालो, आपापल्या भाषेत.

चोच छान चालली. जोडापर्यंत.
दोन पट्ट्या जिथं जोडल्या तिथं जाड शिवण आली,
मी ओढलं,
लुगडं चर्र झालं.
नीलव्वा काही बोलली नाही.
इस्त्रीखालच्या घोंगडीत तिनं दोन टाचण्या खोवल्या,
पुलासारख्या आडव्या,
पट्टी दुमडून खालून सारली, पलीकडून ओढली.
जोड मुकाट्यानं पार.
मग लांब पल्ला चोचीनं,
जोड आला की टाचण्या.
वाफेला तिच्या लग्नाआधीच्या हळदीचा वास येतो,
असं ती म्हणाली. मला तर फक्त
गरम सुताचा येत होता.

शेवटच्या कोपऱ्यावर पट्टी चार बोटं कमी पडली.
लुगडं संपलं होतं. पार संपलं.
पिशवी झटकली तर
नदाफचा तो गुलाबी तुकडा.
लाज वाटली लावताना,
इरकली कडेत तो दुकानाच्या पाटीसारखा दिसत होता.

परवा गोकाकहून फोन आला.
नीलव्वा भिंतीवर थाप मारून सांगायला आली:
बाळ सगळी कड सोडून
तेवढीच चार बोटं तोंडात धरून झोपतं.