नऊ इंच

नकाशा काही मिटेना.
शेवटची रेघ पहिल्या बिंदूपाशी येई
आणि नऊ इंच अलीकडेच थांबे.

वेरखण गावठाण, अंधेरीच्या पुढे, विमानांच्या पोटाखाली.
तीन दिवस मी आणि सहदेव टेप धरून देवळात.
चर्चला इनास देऊळच म्हणतो,
दुसऱ्या दिवशी मीही म्हणू लागलो.

भिंत साडेतीन फूट जाड, काळ्या दगडाची.
सांध्यांत शिंपल्यांचा चुना, गूळ, हिरडा.
खिळ्याने खरवडला तर खिळाच बोथटला.
वर सागाचं आढं, त्यावर कुणा सुताराने कोरलेला मासा,
खालून दिसत नाही, शिडीवरून दिसतो.
तावदानं काचेची नाहीत, शिंपल्यांची.
चार उरलीत, बाकी पत्रा.
त्या चारांतून जो उजेड येतो
तो ताकासारखा, पातळ, किंचित आंबट.

कोनशिला नाही. जन्म-मरणाची वही
वाळवीने वाचून संपवली.
पोर्तुगीज आले, मराठ्यांनी घंटा नेली,
प्लेगात दारासमोर क्रूस उभा राहिला,
सगळं इनास सांगतो "त्या सालाला" म्हणून.
त्याच्या तोंडी चारशे वर्षांचं
एकच साल आहे.

पण नऊ इंच?
मी सहदेववर खेकसलो. टेप बदलली.
उत्तरेची भिंत पुन्हा मापली, दोरी लावून,
तेव्हा दिसलं:
वेदीच्या अलीकडे ती हलकेच बाहेर कलते,
रस्त्यात कुणी झोपलेलं असावं
आणि आपण पाय वळवून जावं, तशी.

इनास मेणबत्त्यांचं मेण खरडत होता.
"माप नाय चुकला, सायबा. भितच वलली.
तिकडं बाव हाय."

मग त्याने सांगितलं, खरडता खरडता.
पाद्रीने दोऱ्या ताणल्या, सरळ, पूर्व-पश्चिम.
दोरी आली विहिरीवरून.
पाद्री म्हणाला, बुजवा.
सकाळी बाया कळशा घेऊन आल्या
आणि काठावर बसल्या. भांडल्या नाहीत,
नुसत्या बसल्या.
लग्नाच्या आदल्या सांजेला उंबराचं पाणी इथूनच,
वाजतगाजत, नवऱ्याच्या अंघोळीला.
"देव बदलला तवा
बावीला कोन विचारला व्हता?"

दुमिंग पाथरवट, बाप्तिस्म्याआधीचं त्याचं नाव
आता कुणालाच ठाऊक नाही,
त्याने रात्री खुंट्या उपटून पुन्हा ठोकल्या.
पाद्रीला कळलं असणार.
तोही त्याच विहिरीचं पाणी पीत होता.

बाहेर जाऊन पाहिलं. लोखंडी जाळी,
महापालिकेची डासांची पाटी,
एक फाटका पतंग.
शेवटचा बँड फिलूच्या लग्नाला वाजला, तिची पोरं आता कॅनडात.
पुढे जमिनीखालून मेट्रो गेली
आणि पाणी गेलं म्हणतात.

वळणावरच तडा आहे, केसाएवढा.
त्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहिली.
भिंत हलली तर आधी काच सांगेल.

ऑफिसात शिर्के साहेब म्हणाले,
"नऊ इंच ना? सरळ ओढून टाक. कोण बघतंय?"
संगणकालाही तेच हवं होतं,
रेघ जरा तिरकी झाली की तो ओढून काटकोनात बसवायचा.
ती सोय मी बंद केली.
हाताने, हळूहळू, भिंत वळवली.

राहिलं एकच. विहिरीचं वर्तुळ काढलं
आणि शेजारी 'कोरडी' लिहायला गेलो.
निघताना जाळीतून मी एक खडा टाकला होता.
कान लावला,
नेमकं तेव्हाच विमान गेलं डोक्यावरून.
खाली काय वाजलं, दगड की पाणी,
मला सांगता येणार नाही.

नकाशात लिहिलंय: विहीर.