हुंकार

आवाज ह्या पाटीतून जात नाही,
हे मी आहिररावांना तीन वर्षं सांगतोय.
सोळा फेडर, सोळा बारक्या मोटारी
आणि एक निळी वायर,
सतरंजीखालून, चपलांच्या ढिगामागून
मंचामागच्या काळ्या खोक्यापर्यंत गेलेली.
गाणं तिथं असतं. तिथंच मिसळतं, तिथूनच भोंग्यांकडं जातं.
माझ्या बोटाखालून जातो तो नुसता निरोप:
पाचवा चॅनल, इतका खाली.
एक आकडा. बस्स.

आहिररावांनी पहिल्या दिवशी पाटीला कान लावला होता.
त्यांचा जुना मिक्सर पाठीकडून गरम व्हायचा,
डिसेंबरात घाटावर कार्यक्रम असला
की त्याच्यावर चहा ठेवायचे, हात शेकायचे.
खरखर आली की डाव्या कुशीत एक चापट.
"ह्याला मारली तर कुठं लागंल?"
कुठंच नाही, मी म्हणालो.
"मग वाजवतंय कोण?"

खोकं पोच देत नाही.
ऐकतं, करतं, गप्प बसतं.
बाकीच्यांना मात्र सांगतं.
मंचाशेजारी विशाखाच्या टॅबलेटवर पाचवा लगेच खाली दिसतो,
आणि तिनं तिकडं काही हलवलं
तर माझ्यासमोरचा फेडर आपणहून सरकतो,
भुतानं सरकवल्यासारखा.
बोट ठेवलं की मोटार थांबते.
बोटाशी भांडायचं नाही, एवढं तिला शिकवलंय.
नाहीतर दोघं एकमेकांना दुरुस्त करत
रात्रभर थरथरत राहतील.
(असं एक घर मला माहीत आहे, इंदिरानगरात.)

आणि दर दहा सेकंदांनी
पाटीनं म्हणायचं असतं: मी आहे.
नाही म्हटलं तर खोकं रागावत नाही.
विसरतं.

हे ऐकून आहिरराव बराच वेळ
दुतोंड्या मारुतीकडं बघत बसले.
दोन तोंडं, दोन्हीकडं नजर, पाय मात्र एकाच पाण्यात.
मग म्हणाले, "हुंकार आहे हा.
सटाण्याला आमची आत्या गोष्ट सांगायची, कांद्याच्या चाळीपाशी.
कुणीतरी हं म्हणत राहायचं.
हं थांबला की आत्या थांबायची,
राजाचा पोरगा रात्रभर विहिरीत."

त्या रात्री तिसरं पद चालू होतं
आणि फुलवाल्याची हातगाडी वायरवरून गेली.
पडद्यावर: संपर्क नाही.
गाणं चालूच.
हजारभर माणसांत कुणाची मान हलली नाही.
हार्मोनियम चढत होती, मी तिला खाली ओढली,
पुन्हा ओढली, मग सगळंच ओढलं,
ब्रेक नसलेल्या गाडीत मागं बसलेला माणूस
जमिनीवर पाय दाबतो, तसं.

"हात काढ," आहिरराव म्हणाले. "ऐक."

हात मांडीवर ठेवून ऐकल्याला
किती वर्षं झाली होती, कोण जाणे.
गाणाऱ्या बाईंनी नुसतं डावीकडं पाहिलं,
क्षेमकल्याणींनी भाता हलका केला,
हार्मोनियम आपल्या जागी बसली.
गंगेवरून थंडी येत होती. कुणीतरी खोकलं.
तेही बरोबर वाटलं.

विशाखानं वायर शोधून खोचली.
सोळाही फेडर एकदम उठले, खर्रकन,
आणि खोक्याला आठवत होतं तिथं जाऊन उभे राहिले.
माझी चार मिनिटांची धडपड
कुणी ऐकलीच नव्हती, पुसायचीही गरज नव्हती.
आहिरराव इतके हसले की मफलर सुटला.

सामान बांधून निघायला दीड वाजला.
होळकर पुलावर वारा, स्कूटरवर मागं आहिरराव,
काहीतरी मोठं सांगताहेत,
मालेगावच्या कुठल्या तमाशाचं, जळालेल्या अँप्लिफायरचं.
शब्द पोचत नाहीत.
मी थोड्या थोड्या वेळानं म्हणतो,
हं.

एकदा राहिलं.
डाव्या कुशीत चापट बसली.