उधार उद्या

आलिंग पुरिंग गेली तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाने
आधी छातीवर क्रूस काढला,
मग मनातल्या मनात हिशेब.

माझे तीनशे चाळीस पेसो.
शाम्पूच्या पुड्या, लसणाचा एक गड्डा,
पिशवीत गाठ मारून दिलेलं पाव वाटी तेल,
आणि सुट्या सिगारेटी. नवऱ्याच्या नावावर,
ओढल्या मी.

गल्लीच्या तोंडाशी दुकान. जाळीवर पाटी: उधार उद्या.
बावीस वर्षं ती पाटी तिथेच,
आणि बावीस वर्षं पाटीखालच्या चौकोनातून
तिचा हात बाहेर यायचा, उधार घेऊन.

मालाबोनला कडक उन्हातही पाणी भरतं.
भरतीचं. घोट्यापर्यंत. कुणी त्याची बातमी करत नाही.
म्हणून शवपेटी कोल्ड्रिंकच्या क्रेटांवर ठेवली.
क्रेट रिकामे, डिपॉझिट अजून कंपनीत अडकलेलं.
वर नाताळची चांदणी, सप्टेंबरपासून टांगलेली,
लाल हिरवी लाल हिरवी,
बंद करायचं कुणाला सुचलं नाही.
खरं सांगायचं तर
तिच्या चेहऱ्याला तो रंग बरा दिसत होता.

जुगार म्हणजे गुन्हा,
पण मयताच्या घरात पोलिसाची नजर छताकडे जाते.
दर डावाचे थोडे पैसे दफनाच्या डब्यात.
फादर आले, पत्ते पाहिले, पेटीवर पाणी शिंपडलं,
आणि जाता जाता मला हळूच विचारलं,
कोण जिंकतंय?

मांग तेरोयचा मेसेज: आलोच, वाटेत आहे.
त्याच्या आमच्यात एक पत्र्याची भिंत.
पलीकडे तो अंगावर पाणी ओतत गुणगुणत होता.

तिची मुलगी लुझविमिंडा, कुवेतला.
लुझोन, विसायास, मिंडानाओ, अख्खा देश नावात कोंबलेला,
आणि पायाखाली त्यातलं एकही बेट नाही.
मालकिणीने रजा दिली नाही.
भाताच्या कुकरला टेकवलेल्या फोनमधून ती जागत होती,
दर तासाला तोच प्रश्न: जेवलात का सगळे?

जेवलो होतो. ताटात एक लुम्पिया उरला होता.
शेवटचा तुकडा आमच्यात कुणी उचलत नाही.
तू घे, छे, तू घे, माझं पोट फुटेल.
रात्री दोनला पाहिलं तर ताट मोकळं.
कोणी? मी विचारलं.
बोट दाखवणं वाईट, आम्ही ओठांनी दाखवतो.
पाच जणांचे ओठ पाच दिशांना.

फोनमधून हसू आलं.
मी पाहिलंय, लुझविमिंडा म्हणाली. नाव नाही सांगणार.

सगळे गप्प. हुबेहूब आई.
ती कधी वही मोठ्याने वाचायची नाही.

मग तीच म्हणाली, वही तिच्या हाताखाली ठेवा,
जाऊ दे तिच्याबरोबर.
नको, नको, असं कसं, आम्ही देणार ना,
इतका गलका की डाव थांबला.
आणि गलका चालू असतानाच मांग तेरोयने,
नुकताच पोचलेला, केस ओले,
वही उचलून अलगद पेटीत सरकवली.

मयतीहून थेट घरी जायचं नसतं.
वाटेत कुठेतरी थांबायचं, म्हणजे गेलेलं माणूस चुकतं,
मागोमाग घरात शिरत नाही.
इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मयतीहून परतताना
आम्ही आलिंग पुरिंगच्या दुकानाशी थांबायचो,
तिघींत मिळून कॉफीची एक पुडी.
पहाटे पाय तिकडेच वळले.
बंद जाळीसमोर पाण्यात उभ्या राहिलो.
तिला तिच्याच दारात चुकवायचं कसं?

मी सरळ घरी गेले.
आली मागून तर येऊ दे.
दोनशे तयार आहेत.
बाकीचे उद्या.