एक वाजून अकरा

पहाटे पाचला रत्नागिरीतून निघालो आम्ही सतरा जण.
तीनशे किलोमीटर, वीस तास,
केळशीला जाऊन परत.
अंगात चकाकत्या पट्ट्यांची बंडी,
खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत पिवळं कार्ड,
त्यावर माझं नाव
आणि शिक्क्यांसाठी सहा रिकामे चौकोन.

मी पोस्टात आहे. सव्वीस वर्षं शिक्केच मारते.
कुणीतरी माझ्यासाठी मारावा
याचं इतकं अप्रूप वाटेल, ठाऊक नव्हतं.

घरी विचारतात, बक्षीस किती?
बक्षीस नाही, उलट आपणच पैसे भरायचे.
मग नंबर?
नंबर नसतो.
मग कशाला जातेस?
यावर मी डबा भरायला घेते.

नकाशात किनारा कसा सरळ दिसतो.
नकाशा काढणारा कधी सायकलवर बसला नसावा.
इथं खाडी म्हणजे उतार, सडा म्हणजे चढ,
सपाट असं फक्त पाणी.
हेदवीच्या चढावर मोहोराचा वास इतका दाट
की मी आणखी एक गिअर उतरवला.

परतताना हर्णैला लिलाव चाललेला.
सुरमईच्या टोपलीवरून एकीनं मान वर केली,
"बाय, कोण लागलंय गो तुझ्या मागं?"
घड्याळ, मी म्हटलं.
"मग त्यालाच दमव की. तू बस जरा."
मी बसले नाही.
अजून वाटतं, बसायला हवं होतं.

गुहागरच्या पुढे मोरीच्या कठड्यावर इरफान मुकादम.
चिपळूणला चष्म्याचं दुकान, डाव्या गुडघ्याला पट्टी.
फोनवर मुलीला सांगत होता, ये गाडी घेऊन.
माझ्याकडे बघून हसला, जसं गिऱ्हाइकाला
नंबर वाढल्याचं सांगताना हसत असेल.
आपली जादा ट्यूब माझ्या पिशवीत कोंबली,
"मला आता काय उपयोग."

तवसाळला पोचले तेव्हा शेवटची फेरी सुटत होती,
बोटीचा पत्रा वर उचललेला.
"ओ, थांबा, सायकल आली!"
कोण ओरडलं ते दिसलं नाही.
पत्रा खडखडत पुन्हा खाली आला,
एका सायकलीसाठी एवढं लोखंड.

बोटीवर बर्फाचा टेम्पो, दोन मोटरसायकली,
आईच्या मांडीवर झोपलेलं पोर, आणि मी.
पाय थांबलेले, तरी जयगड जवळ येत होतं.
दिवसभरात एवढंच अंतर फुकट मिळालं.
घड्याळ तिकीट न काढता शेजारी बसलेलं.

आरे-वारेला मागचं चाक बसलं.
टायर काढायची प्लॅस्टिकची दांडी मोडली,
मग डब्यातला चमचा घातला, तो वाकला, पण टायर निघाला.
ट्यूब इरफानची, हवा माझी.
दीडशे पंप मोजले.
खाली समुद्र होता. त्याच्याकडे बघितलं नाही,
खोटं कशाला बोलू.

तोडणकर खुर्चीत पेंगत होते, पायाशी चहाचा थर्मास.
मला बघून आधी घड्याळ बघितलं, मग पुन्हा मला.
"एक अकरा झाले, मॅडम."
शिक्का टेबलावरच होता, शाईच्या डबीला टेकलेला.
दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

मी काही बोलले नाही. बोलणार काय?
खिडकी बंद झाल्यावर आलेलं पाकीट
मीही दुसऱ्या दिवसाच्या तारखेत टाकते,
समोरचा कितीही धापा टाकत असो.
त्यांनी चहा ओतला, दोन केळी दिली,
आणि कार्ड परत देताना
दोन्ही हातांनी दिलं.

पाच शिक्के. सहावा चौकोन कोरा.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला,
आत तोच वाकडा चमचा.
शेजारच्या काउंटरवरची जुई म्हणाली, याला काय झालं?
मी त्यानंच वरण घेतलं.
जरा कडेनं सांडतं, इतकंच.