सारंगखेड्यात टॉवरची गाडी

घोड्यांच्या बाजारात आम्ही आणलं ते जनावर
चार चाकांचं, डिझेल पिणारं, पंचवीस मीटर मानेचं.
कंपनीच्या कागदावर त्याचं नाव 'काऊ'.
हिलाल ड्रायव्हर म्हणाला, म्हणजे गाय.
पोरं म्हणाली, ह्या, काऊ म्हणजे कावळा,
आणि माना वर करून बसली, कधी ओरडतो म्हणून.

तापीवरून वारा. जत्रेचा तिसरा दिवस.
ज्याच्या त्याच्या फोनवर दांड्या चारच्या चार भरलेल्या
आणि फोन कोणाचाच लागत नव्हता.
"रेंज तं शे ना भो!" सुपडूअण्णा मला दांड्या दाखवत होते.

कसं सांगू. अण्णा, रेंज म्हणजे वास.
मांड्यांचा वास वेशीपर्यंत जातो,
पण खापर एकच, आणि पंगत लाखभर माणसांची.
"मंग खापर वाढाव ना," अण्णा म्हणाले.
माझ्या साहेबांना हे समजायला तीन मीटिंगा लागल्या होत्या.

बरेलीच्या अन्वरमियाँशी अण्णांचा सौदा सकाळीच मिटला होता,
रुमालाखाली, बोटांनी बोटं चाचपून.
भोवती पन्नास माणसं, एकालाही आकडा कळला नाही.
ती लाइन कधी बिझी नसते.
अडकले होते ते पैसे.
अण्णांकडून निघाले, मियाँकडे पोचले नाहीत,
स्क्रीनवर नुसतं चाक फिरत राहिलं
आणि मधे उभी काळी घोडी, सध्या कोणाचीच नाही,
भिजवलेले हरभरे चावत.

मान चढली, एकेक मीटर.
एक तोंड पाळण्यांकडे, एक तंबूंकडे,
एक दत्ताच्या रांगेकडे.
मग अँटेना दोन अंश खाली वाकवली.
गर्दीत लांबचं बघून भागत नाही.
लॅपटॉपवरची लाल रेघ हलेना.
हलेना.
हिलालनं चहा आणला, तेव्हा हलली.

चार वाजून चाळीस मिनिटं.
अख्ख्या मैदानाचे खिसे एकदम वाजले.
सकाळपासून हवेत लटकलेलं सगळं खाली पडलं:
पाळण्याजवळ ये. कथा शेस? अजून शंभर धाड.
पप्पा सापडत नाहीत
(पप्पा केव्हाच सापडले होते, भेळ खात होते).
आणि अन्वरमियाँच्या खाटेवरचा डबा खच्चून बोलला,
"नब्बे हजार रुपये प्राप्त हुए!"
रुमालाखाली जपलेला आकडा
घोड्यांनीसुद्धा ऐकला.
अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मी वायरींकडे.
"काऊ वरडना!" पोरं म्हणाली.

रात्री अडीचला रेघ हिरवी, तळाला टेकलेली.
एवढी जागा हवेत, आणि बोलणारं कोणी नाही.
मी पारोळ्याला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.
"आयकू येस का?"
"येस. बोला."
जनरेटर घुरघुरत होता. लांब कुठेतरी एक घोडं फुरफुरलं.
बोलायला काय घेऊन बसलो होतो, तेच आठवेना.
"नळले पानी येल शे," हर्षाली म्हणाली,
"दहा मिनिटंच ऱ्हास. ठेवू?"