फेरी

प्रणितने मला समजावलं ते कागदावर नाही,
टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून.
काका, विमान एकच. दिवसाचे तास तेवढेच.
हर्षलाताईच्या गावी जायला सव्वा तास,
यायला सव्वा, तिथे उभं राहायला अर्धा.
बहात्तर खुर्च्या. भरतात चव्वेचाळीस.

मग तोटा होतो म्हण की.

नाही ना काका, तोटा नव्हता.
त्याच तीन तासांत ते दुसरीकडे गेलं
तर एक खुर्ची रिकामी राहत नाही,
आणि तिकडचे लोक भाव विचारत नाहीत,
तिकीट त्यांच्या कंपनीने काढलेलं असतं.
एवढंच.

एवढंच म्हणून त्याने बोट रुमालाला पुसलं.
सीवूड्सला चौदाव्या मजल्यावर बसतो तो,
पडद्यावर विमानं सरकवतो,
मंगळवारवरून उचलून सोमवारवर.

धावपट्टीच्या पोटात कुठेतरी
आमची खारजमीन आहे, बांध आहे, उघाडी आहे.
पोरीला मी फोनवर सांगायचो,
तुझं विमान आपल्या उघाडीवरून उठतं गं.
तिच्या आईच्या डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख
नेहमी मंगळवारचीच घ्यायचो,
शनिवारी ती परत जायची.
परवा तिला मेसेज आला:
आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

रात्री झोप नाही म्हणून जुनी वही काढली.
माझे टेम्पो दोन, तुर्भ्याच्या मार्केटला लागतात.
चार वर्षांमागचं पान.
डोळखांबच्या पुढे डांबर संपतं, तिथला फाटा.
चांगुणा मेंगाळ, कारली, नऊ क्रेट.
कधी सात. एकदा अकरा, त्या दिवशी तिने
ड्रायव्हरला काकडीही दिली होती.
मलाही तिथे तोटा नव्हता.
डिझेल सुटायचं, वर चार पैसे राहायचे.
पण नारायणगावहून फोन आला, टोमॅटो, गाडी भरून, रोज,
आणि मी उभ्या उभ्या हो म्हटलं.

नंतर एका दूधवाल्याने सांगितलं,
बाई दोन दिवस फाट्यावर येऊन बसत होती.
तिसऱ्या दिवशी कारली पिवळी पडून उकलली,
लाल बिया सांडल्या होत्या म्हणे रस्त्यावर.
मी विचारलं, मग?
तो म्हणाला, मग काय.

कंपनी निदान दिलगीर तरी आहे.

बायको आतून विचारते, मंगळवारी येतेय ना ती?
बसने येईल म्हटलं, बारा तास.
वरून एक विमान गेलं. भरलेलं असणार.
भांड्यावरची ताटली थोडा वेळ थरथरली.

प्रणितला चार शब्द सुनवावेत म्हणून फोन हातात घेतला होता,
मग वहीतच शोधत बसलो.
चांगुणाचा नंबर कुठेच नाही.
नुसतं माझ्या अक्षरात:
चां. ९
आणि खाली आडवी रेघ.